काळ्या-पांढऱ्या तसबिरी : विद्यार्थ्यांच्या एका प्रदर्शनातून घेतलेला पाठ

आपल्या न्यासाच्या महोत्सवी अंकासाठी एखादा शैक्षणिक लेख द्यावा, असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले आणि त्याच भेटीत एक जाडसर पाकीटही आमच्या हाती ठेवले. पाकिटात न्यासाच्या जुन्या कार्यक्रमांची एकतीस काळी-पांढरी छायाचित्रे होती. "यांतील माणसे कोण, ते जमेल तेवढे शोधून काढा, म्हणजे अंकात छापता येतील," असे सांगण्यात आले. एकतिसांपैकी नवांच्या पाठीवर काही ना काही लिहिलेले होते. उरलेली बावीस मुकी होती. पाकीट आम्ही घरी आणून कपाटात ठेवले. त्यानंतर काही दिवसांनी वर्गातील मुलांना घेऊन एका प्रदर्शनास जाण्याचा योग आला, आणि त्या पाकिटाकडे पाहण्याची आमची दृष्टीच बदलली. म्हणून आधी प्रदर्शनाची हकीकत सांगतो; पाकिटाची हकीकत शेवटी येईल.

१. प्रदर्शनास जाण्याचे कारण

आम्ही हैदराबादेतील एका शाळेत विज्ञान शिकवितो. भिंग आणि प्रतिमा हा पाठ चालू असता एका मुलाने प्रश्न केला, "सर, फोन वर धरला की फोटो निघतो. त्यात भिंगाची आकृती काढून शिकण्यासारखे काय आहे?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, त्याला खरोखरच तसे वाटत होते. ज्याच्या खिशात हजारो छायाचित्रे पडून आहेत, त्याला एका छायाचित्राचे अप्रूप वाटावे तरी कसे?

योगायोगाने त्याच सुमारास, म्हणजे २०२४ च्या डिसेंबरात, शहरातील एका कलामहाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या कृष्णधवल छायाचित्रांचे प्रदर्शन भरविले होते. सारी छायाचित्रे जुन्या पद्धतीच्या फिल्मवर घेतलेली आणि विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी धुऊन कागदावर उतरविलेली होती. आम्ही बावीस मुलामुलींना घेऊन एका शनिवारी तेथे गेलो.

जाताना आम्ही दोन अटी घातल्या. पहिली, फोन पिशवीतून बाहेर काढावयाचा नाही. दुसरी, प्रत्येकाने आपल्याला वाटेल ते एकच छायाचित्र निवडून त्याच्यासमोर घड्याळ लावून पाच मिनिटे उभे राहावयाचे आणि काय दिसले ते वहीत लिहावयाचे. दुसरी अट ऐकून मुलांची तोंडे उतरली. एका चित्रापुढे पाच मिनिटे! परंतु पुढे असे घडले की, पाच मिनिटे झाली असे सांगितल्यावरही सात-आठ मुले जागची हलेनात. पहिल्या मिनिटात मुलांनी वस्तूंची नावे लिहिली : माणूस, सायकल, भिंत. तिसऱ्या मिनिटापासून वहीत निराळी वाक्ये येऊ लागली : "सायकलीची सावली सायकलीपेक्षा लांब आहे, म्हणजे सकाळ किंवा संध्याकाळ असावी." "या माणसाने आपल्याकडे पाहिलेले नाही." पाहणे आणि नजर टाकणे यांतील अंतर मुलांना आम्ही समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

२. अंधाऱ्या खोलीतील रसायन

दालनाशेजारीच विद्यार्थ्यांची अंधारी खोली होती. तिथल्या विद्यार्थ्यांनी आमच्या मुलांना पाच-पाचांच्या गटाने आत नेऊन काम दाखविले. जे पाहिले ते थोडक्यात सांगतो. कारण आपल्यापैकी ज्येष्ठांनी हे सारे ऐकलेले असले, तरी नातवंडांनी ते पाहिलेले नाही.

फिल्मवर जिलेटिनच्या पातळ थरात सिल्व्हर ब्रोमाइड या चांदीच्या क्षाराचे अतिशय बारीक कण पसरलेले असतात. कॅमेऱ्याची झडप क्षणभर उघडते आणि भिंगातून आलेला प्रकाश या कणांवर पडतो. डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. पण जेथे प्रकाश लागला, तेथील कणांवर त्याची खूण झालेली असते. मग डेव्हलपर नावाच्या द्रावणात फिल्म बुडविली की, खूण झालेल्या कणांचे रूपांतर शुद्ध चांदीत होते. ही चांदी दागिन्यासारखी चकचकीत नसते. इतक्या सूक्ष्म रूपात ती काळी दिसते. म्हणून जेथे उजेड अधिक, तेथे फिल्म अधिक काळी होते. आकाश काळे आणि केस पांढरे, असे उलटे चित्र तयार होते, त्यास निगेटिव्ह म्हणतात.

आता ज्या कणांना प्रकाश लागलाच नाही, ते तसेच राहिले तर उजेडात आणताच तेही काळवंडतील. ते काढून टाकण्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे द्रावण वापरतात. छायाचित्रकार त्याला हायपो म्हणतात. हे द्रव्य चांदीचे क्षार विरघळविते, ही गोष्ट जॉन हर्शल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१९ सालीच नोंदली होती. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर आणि इंग्लंडमध्ये टॅलबट यांनी आपापल्या पद्धती जगापुढे मांडल्या, तेव्हा हर्शलची ती वीस वर्षांपूर्वीची नोंद कामी आली. पाठ्यपुस्तकातील एखादे रसायन "कशाला उपयोगी?" असे विचारणाऱ्या मुलांना आम्ही हे उदाहरण मुद्दाम सांगितले.

शेवटी निगेटिव्हमधून प्रकाश सोडून तिची मोठी प्रतिमा कागदावर पाडतात. तेथे उलट्याचे पुन्हा उलटे होऊन चित्र सुलटे होते. हा कागद तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळा असतो, म्हणून खोलीत तांबडा दिवा चालतो. तबकातील कोरा कागद द्रावणात हलू लागला, आणि हळूहळू प्रथम एक कड, मग टोपी, मग एका म्हाताऱ्याच्या सुरकुत्या उमटू लागल्या. आमच्या वर्गातील प्रश्नकर्ता मुलगा अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, माणूस पाण्यातून वर येतोय." पुन्हा त्याने भिंगाविषयी तसा प्रश्न विचारला नाही.

या कामात घाई चालत नाही आणि काटकसर तर हवीच. पस्तीस मिलिमीटरच्या एका गुंडाळीवर छत्तीस चित्रे येतात. बिघडलेले चित्र पुसता येत नाही. ते बिघडले हेसुद्धा धुतल्यावरच कळते. एका विद्यार्थ्याने तर आपले फसलेले चित्र मुद्दाम भिंतीवर लावले होते. कॅमेऱ्याची पाठ चुकून उघडली गेली आणि उजेड आत शिरून अर्धे चित्र धुक्यासारखे पांढरे झाले, असे त्याने खाली स्पष्ट लिहिले होते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतील चूक खोडून लपविण्याची सवय असलेल्या आमच्या मुलांना त्याचे फार नवल वाटले.

३. रंग गेल्यावर काय राहते?

चारमिनारजवळच्या लाड बाजारात लाखेच्या बांगड्या घडविणाऱ्या एका कारागिराचे छायाचित्र प्रदर्शनात होते. लाड बाजार म्हणजे रंगांचा बाजार. त्याचे चित्र रंगांवाचून काढणे म्हणजे लग्नाच्या मांडवात वाजंत्री न लावण्यासारखे, असे प्रथम आम्हांस वाटले. परंतु समोर उभे राहिल्यावर दुसरेच दिसू लागले. रंगीत चित्रात आमचे लक्ष बांगड्यांवर गेले असते. येथे बांगड्या करड्या झाल्या होत्या, आणि लक्ष गेले ते निखाऱ्यांच्या शेगडीजवळ वाकलेल्या कारागिराच्या बोटांकडे. लाख ऊन असतानाच तिला वळण द्यावे लागते. त्या उन्हाचा चटका सोसून टणक झालेली कातडी त्या चित्रात स्पष्ट दिसत होती.

यावर आम्ही शाळेत एक साधा प्रयोग केला, तो कोणासही घरी करता येईल. एक लाल व एक हिरवी बांगडी शेजारी ठेवून फोनच्या कृष्णधवल योजनेत त्यांचे चित्र घेतले. दोन्ही बांगड्या जवळजवळ एकाच करड्या छटेच्या आल्या. कोणती कोणती ते सांगता येईना. मग एकच बांगडी खिडकीजवळ तिरप्या उजेडात ठेवली, तर तिच्यावरचे कोरीव काम ठळक उठून आले. कृष्णधवल चित्रात रंगाचा भेद नाहीसा होतो आणि उजेडाचा भेद राज्य करतो, हे मुलांनी स्वतःच लिहून काढले.

दुसरे चित्र भल्या पहाटेच्या इराणी चहाचे होते. कपातून निघणारी वाफ एखाद्या धाग्यासारखी वर जात होती. ही वाफ रोज आपण पाहतो, पण फोनमध्ये ती कधी येत नाही, असे एका मुलीचे म्हणणे पडले. चित्र काढणाऱ्या विद्यार्थ्याने कारण सांगितले : वाफेच्या मागे उजेड हवा आणि उजेडाच्या मागे काळोख हवा. पांढऱ्या भिंतीपुढे वाफ दिसत नाही. चित्र मनासारखे यावे म्हणून तो चार पहाटे त्या दुकानात जाऊन बसला होता आणि त्यापायी बराच चहाही प्याला होता!

फोटोग्राफी या शब्दाचा ग्रीक अर्थ प्रकाशाने लिहिणे असा आहे. आपण मराठीत मात्र तिला छायाचित्रण म्हणतो. एकाने उजेडाचे नाव घेतले, दुसऱ्याने सावलीचे. त्या कपापुढे उभे असता दोन्ही शब्द खरे वाटले.

४. चिंचेचे झाड

तिसऱ्या भिंतीवर एका जुन्या चिंचेच्या झाडाचे चित्र होते. झाड ठीकच होते. मुले पुढे चालली. आम्ही त्यांना थांबवून खालची ओळ वाचावयास सांगितले.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला, तेव्हा हैदराबाद शहरातील हजारो माणसे वाहून गेली. अफजल बागेतील या चिंचेच्या फांद्यांवर चढून बसलेले सुमारे दीडशे लोक मात्र वाचले. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील हे ते झाड होय. मुले मागे फिरली आणि फांद्या मोजू लागली. "दीडशे माणसे एवढ्या फांद्यांवर बसली कशी?" "बायका साडी नेसून चढल्या कशा?" "रात्रभर बसले असतील का?" ज्या चित्रापाशी कोणी दहा सेकंदे थांबले नव्हते, तेथे आता गर्दी झाली.

चित्र तेच होते. त्यात एका रेषेचाही फरक झाला नव्हता. फरक पडला तो खाली लिहिलेल्या चार ओळींमुळे. छायाचित्र खोडाचा प्रत्येक खडबडीतपणा दाखवू शकते; पण त्या खोडाने काय केले, ते त्याला सांगता येत नाही. ते माणसाने सांगावे लागते. या भिंतीपाशी उभे असताना आम्हांस प्रथम कपाटातील त्या पाकिटाची आठवण झाली.

५. चेहरा नसलेली तसबीर

एका विद्यार्थिनीने आपल्या आजीचे चित्र लावले होते. त्यात आजीचा चेहरा नव्हता. मांडीवर सुपारीचा अडकित्ता आणि त्यावर विसावलेले दोन हात, एवढेच चित्र. आमच्या वर्गातील एका मुलाने विचारले, "चेहराच नाही, मग हा फोटो आजीचा कसा?" ती विद्यार्थिनी म्हणाली, "नानी चेहऱ्याला नाही म्हणाली. हातांना हो म्हणाली. तिने जेवढे दिले, तेवढेच घेतले."

या उत्तराने आम्ही थक्क झालो. समोरच्या माणसाला न विचारता त्याचे चित्र घेणे आणि क्षणात चार ठिकाणी पाठविणे, हे आज इतके अंगवळणी पडले आहे की, विचारावे असे कोणाच्या मनातही येत नाही. रस्त्यावर भीक मागणारा, इस्पितळातील रोगी, मयताच्या घरातील रडणारी बाई, कोणीच त्यातून सुटत नाही. या मुलीने मात्र विचारले, नकार मिळाला, आणि त्या नकारातूनच प्रदर्शनातील उत्तम चित्र निघाले.

असा संकोच जाणून त्यास मान देणारा एक थोर छायाचित्रकार याच शहरात होऊन गेला. राजा दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे झाला. रुडकीच्या महाविद्यालयात स्थापत्याचे शिक्षण घेऊन १८६६ साली ते इंदूर येथे सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस लागले. तेथे दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांच्या छायाचित्रणास उत्तेजन दिले. इंदूरकर मराठी मंडळींनी याचा अभिमान जरूर बाळगावा. पुढे ते हैदराबादेस आले आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ उघडला आणि त्याचा कारभार एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. पडदा मोडावा असा आग्रह नाही, आणि पडद्यातील बाईने चित्रापासून वंचित राहावे असेही नाही. ज्याची तसबीर काढावयाची, त्याची मर्यादा प्रथम सांभाळावयाची, ही या मागची दृष्टी होती.

निजामाने १८९४ साली त्यांना 'राजा बहादुर मुसव्विर जंग' हा किताब दिला. त्यांच्या काचेच्या दोन हजार आठशेहून अधिक निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत. त्यांच्या अनेक चित्रांच्या खालच्या कडेस क्रमांक आणि स्थळाचे नाव घातलेले आढळते. त्यामुळेच १९०५ साली ते वारले तरी, ही इमारत कोणती, हा वाडा कोणाचा, असे विचारत अभ्यासकांना आज दारोदार फिरावे लागत नाही.

६. आमच्या घरातील एकुलती तसबीर

'मुसव्विर' या शब्दाविषयी थोडे सांगणे भाग आहे. तसबीर आणि मुसव्विर हे एकाच अरबी धातूचे शब्द. मुसव्विर म्हणजे रूप देणारा, आणि हे परमेश्वराच्या नव्याण्णव नावांपैकी एक नाव आहे. म्हणून आमच्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांचे म्हणणे असे की, रूप देणे हे त्याचे काम. माणसाने त्यात हात घालू नये. कॅमेऱ्याविषयी आमच्या विद्वानांत मतभेद झाले. कोणी म्हणाले, हेही चित्रच होय. कोणी म्हणाले, आरशात पडते तसे हे प्रतिबिंब आहे, ते नुसते धरून ठेवले आहे. हा वाद येथे सोडविण्याचा आमचा अधिकार नाही.

आमचे दादाजान पहिल्या मताचे होते. ते उदगीरचे. मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते त्या काळी नोकरीनिमित्त या शहरात आले, आणि १९५६ साली प्रांतरचना होऊन उदगीर पलीकडे गेले तरी ते येथेच राहिले. घरात मराठी बोलत, नमाज पढत, आणि भिंतीवर तसबीर लावू देत नसत. आयुष्यात ते एकदाच कॅमेऱ्यापुढे बसले. १९७४ साली हजला जावयाचे ठरले, मुंबईहून आगबोट होती, आणि कागदपत्रांना फोटो लावणे सक्तीचे होते. चार प्रती निघाल्या. तीन कचेरीत गेल्या, एक उरली.

दादाजान वारले, तेव्हा आम्ही नऊ वर्षांचे होतो. खरे सांगावयाचे तर त्यांचा आवाज आम्हांस आठवतो, हाताचा वास आठवतो, पण चेहरा जो आठवतो तो त्या बोटभर तसबिरीतला आहे. अब्बांनी ती तसबीर कधी भिंतीवर लावली नाही. वडिलांचा शब्द त्यांनी मोडला नाही. पण फेकलीही नाही. पेटीच्या तळाशी, जुन्या कागदांच्या घडीत, ती जपून ठेवली. लहानपणी आम्हांस ही विसंगती वाटे. त्या मुलीच्या नानीचे हात पाहताना उमगले की, आदर आणि माया ही दोन्ही एकाच माणसाच्या ठिकाणी असली की असेच व्हावयाचे.

या तसबिरीच्या बाबतीत आमच्या हातून एक अपराध घडला, तोही सांगून टाकतो. अब्बांच्या पश्चात ती आमच्याकडे आली, तेव्हा पुढच्या पिढीला कळावे म्हणून तिच्या पाठीवर आम्ही बॉलपेनाने, चांगले दाबून, दादाजानांचे नाव लिहिले. हेतू चांगला होता. आता उजेड तिरपा पडला की, त्यांच्या गालावरून कपाळापर्यंत ती अक्षरे उलटी उमटलेली दिसतात. विज्ञानाच्या शिक्षकाला कागदाचा एवढा साधा धर्म कळू नये!

७. पुन्हा ते पाकीट

प्रदर्शनाहून परत आल्यावर आम्ही पाकीट काढले आणि न्यासाच्या एका वयोवृद्ध सभासदांकडे गेलो. वय अठ्ठ्याऐंशी, पण नजर आणि स्मरण शाबूत. त्यांनी दोन तासांत सहा छायाचित्रांतील माणसे ओळखली. एका चित्रात पहिल्या रांगेत अध्यक्ष, कार्यवाह, पाहुणे. आणि अगदी कडेला, चौकटीने अर्धी कापलेली, हातात किटली घेतलेली एक बाई. आम्ही तिच्याकडे लक्षही दिले नव्हते. त्यांनी तिच्यावरच बोट ठेवले, नाव सांगितले आणि म्हणाले, "वसतिगृहात हिच्या हातचं पिठलं खाऊन आमची एक पिढी मॅट्रिक झाली. मला टायफॉइड झाला, तेव्हा ही रात्रभर उशाशी बसून होती." जुने अहवाल आम्ही नंतर चाळून पाहिले. देणगीदारांची नावे आहेत, वर्गणीदारांची आहेत; या बाईंचे नाव कोठेच नाही. ते एका माणसाच्या आठवणीत तेवढे होते.

"उरलेली सोळा पुढच्या रविवारी पाहू," असे ते म्हणाले. पुढच्या रविवारी आमच्यापुढे परीक्षेचे गठ्ठे होते. आम्ही निरोप पाठविला की, पंधरा दिवसांनी येतो. बाराव्या दिवशी ते गेले.

उत्तरपत्रिका चार दिवस उशिरा तपासल्या असत्या, तर कोणाचे काही बिघडले नसते. सोळा छायाचित्रांतील पन्नास-साठ चेहरे आता आमच्याकडे पाहतात, आणि आम्हांस त्यांच्यापैकी एकालाही हाक मारता येत नाही. चांदीचे कण आपले काम चोख करतात. साठ-सत्तर वर्षांनीही डोळ्यांतली चमक शाबूत आहे. नाव राखण्याचे काम आपले होते.

८. आपण घरोघर काय करावे?

प्रदर्शनातील विद्यार्थ्यांनी सांगितलेल्या आणि आम्ही पडताळून पाहिलेल्या काही गोष्टी वाचकांच्या उपयोगासाठी देतो.

(१) आधी माणसांना विचारा, मग कपाटे लावा. घरातील सर्वांत वयस्कर माणसापुढे जुनी छायाचित्रे ठेवून नावे, गाव, प्रसंग लिहून घ्या. साल नक्की आठवत नसेल तर "थोरलीच्या लग्नाच्या आधी" एवढेही पुरे. हे काम पुढच्या रविवारवर टाकू नका.

(२) पाठीवर लिहिणे झाल्यास मऊ शिशाच्या पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. चित्र स्वच्छ काचेवर पालथे ठेवून लिहावे. बॉलपेन व शाई वापरू नये. प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उमटत नाही. तेथे वेगळ्या पाकिटावर लिहून त्यात चित्र ठेवावे.

(३) समूहचित्रावर पातळ पारदर्शक कागद ठेवून डोक्यांच्या आकृत्या हलकेच गिरवाव्यात, त्यांस क्रमांक द्यावेत आणि खाली नावांची यादी करावी. "डावीकडून तिसरे" असे लिहिल्यास बसलेले की उभे, हा घोटाळा होतो. क्रमांकात तो होत नाही.

(४) चिकट पानांच्या अल्बमातून छायाचित्रे हळूहळू सोडवून घ्यावीत. चिकटलेले चित्र ओढू नये, ते पानासकट ठेवावे. लॅमिनेशन कदापि करू नये. ते पुन्हा सुटत नाही.

(५) माळा, स्वयंपाकघराची भिंत आणि पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत, या जागा टाळाव्यात. आतल्या खोलीतील कोरडे कपाट उत्तम. निगेटिव्ह असल्यास त्या निरुपयोगी समजून टाकू नयेत. त्यांतून नवी प्रत निघते.

(६) फोनचाही येथे उपयोग आहे. फ्लॅश न लावता, खिडकीच्या सारख्या उजेडात छायाचित्राची पुढची व मागची अशा दोन्ही बाजूंची प्रत काढून घरातील दोन-तीन जणांकडे ठेवावी. पण मूळ चित्र टाकू नये.

मुलांसाठी अभ्यास

१. घरातील एक जुने काळे-पांढरे छायाचित्र घेऊन त्याकडे पाच मिनिटे पाहा. उजेड कोणत्या बाजूने आला आहे, ते सावलीवरून सांगा.
२. चौकटीच्या कडेला कोण उभे आहे? त्याच्याविषयी आजी-आजोबांना विचारून पाच ओळी लिहा.
३. निगेटिव्हमध्ये पांढरा सदरा काळा का दिसतो?
४. तुम्ही या आठवड्यात कोणाचे छायाचित्र घेतले? त्या व्यक्तीला आधी विचारले होते का?

संपादक मंडळाने आमची एक विनंती मान्य केली आहे. ती सोळा छायाचित्रे या अंकाच्या शेवटी, क्रमांक घालून, नावांच्या जागा कोऱ्या ठेवून छापली आहेत. किटली घेतलेल्या बाईंचे चित्र त्यांच्या आधी आहे आणि त्याखाली त्यांचे नाव आहे. वाचकांनी ती पाने आपल्या घरातील थोरामोठ्यांना दाखवावीत. एखादा चेहरा ओळखीचा निघाला, तर तो क्रमांक आणि ते नाव न्यासाच्या कचेरीत कळवावे. आम्ही पेन्सिल तासून ठेवली आहे.